तारेखालची मोजणी: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विजेच्या तारांमुळे मरणारी वाघळं आणि पक्षी मोजायला आजपासून सुरुवात. उपकेंद्रापासून तळ्यापर्यंतचा ११ केव्हीचा (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) फीडर, म्हणजे वीजवाटपाची लाईन: ४१ खांब, ४० गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला टप्पा). पुढे तळ्यावरून जाणारी २२० केव्हीची टॉवर लाईन, तिचे पाचच मनोरे आमच्याकडे. सोबत काका. त्यांची सगळी नोकरी लाईनवर गेली, आता निवृत्त. खांबाकडे बघून तो कुठल्या घाईत उभा केला होता ते सांगतात. मला अजून जम्पर (खांबावर तारा जोडणारा तुकडा) कुठला आणि स्टे (खांब ताणून धरणारी तार) कुठला हे आठवायला क्षणभर थांबावं लागतं.

पद्धत साधी. दर आठ दिवसांनी उजाडल्याबरोबर निघायचं, लाईनच्या दोन बाजूंनी दोघांनी चालायचं. तारेवर लटकलेलं, खाली पडलेलं, नुसती पिसं, नुसतं हाड, सगळं लिहायचं. खांब आणि गाळा क्रमांक, खांबापासूनचं अंतर, फोटो. उघड्या हाताने काहीही उचलायचं नाही. फळवाघळांच्या अंगात निपाहचा विषाणू असू शकतो, शिवाय वाघूळ मेलं असलं तरी तार मेलेली नसते.

पहिल्या फेरीत तारेवर लटकलेली मोठी फळवाघळं तीन. त्यांना क्र. १, २, ३ असं म्हणायचं ठरलं. क्र. ३ बाराव्या गाळ्यात, उंबराशेजारी. जमिनीवर काही नाही.

(नंतरची टीप: "जमिनीवर काही नाही" हे त्या दिवशी मी समाधानाने लिहिलं होतं. खोडत नाही, राहू दे.)

९ जानेवारी

आज काकांकडून धडा. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही का होत नाही हे शाळेत शिकले होते: दोन्ही पाय एकाच तारेवर, मध्ये दाबाचा फरक नाही, प्रवाहाला त्याच्यातून जायचं कारण नाही. मरण येतं ते दोन ठिकाणी एकदम टेकल्यावर. दोन फेजना (फेज म्हणजे वीज वाहणाऱ्या तीन तारांपैकी एक), किंवा एक फेज आणि खांबाच्या अर्थ केलेल्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या लोखंडाला. ११ केव्ही हा दोन फेजमधला आकडा. फेज आणि जमीन यांच्यामध्ये तो ६.३५ केव्ही होतो. वाघळाला दोन्ही सारखेच.

म्हणजे सगळा प्रश्न अंतराचा. इथल्या फळवाघळाचा पंखांचा पसारा १.२ ते १.५ मीटर. आमच्या फीडरवर दोन तारा बाजूला आणि एक वर, त्रिकोणात. वरच्या तारेला लटकलेलं वाघूळ नुसतं आळस द्यायला पंख उघडतं आणि बाजूच्या तारेला टेकतं. अमेरिकेत सोनेरी गरुडासाठी खांबावर आडवं ६० इंच, म्हणजे साधारण दीड मीटर अंतर सुरक्षित धरतात. आमच्या तारांकडे मान वर करून बघितलं. तेवढं नाही, हे टेपशिवाय कळतं.

उच्च दाबाच्या मनोऱ्यांवर उलटं आहे. तिथे फेजमध्ये कित्येक मीटर अंतर असतं, पंखांनी ते सांधलं जात नाही. तिथे मरतात ते धडकून. एकाच वहीत दोन वेगळे मृत्यू आहेत, त्यांचे तक्ते आजच वेगळे केले.

१५ जानेवारी

दुसरी फेरी. क्र. १, २, ३ जागेवर. एक नवं, क्र. ४. जमिनीवर पुन्हा काही नाही, आणि आता मला ते खटकतंय.

मेल्यावरही वाघूळ का लटकून राहतं? आपण फांदीला लोंबकळतो तेव्हा मुठीतला जोर संपला की पडतो. वाघळाच्या मागच्या पायात नखांच्या स्नायुबंधाला खाचांची कडी असते. अंगाचं वजन खाली ओढू लागलं की ती आपोआप बसते, स्नायूंना काम उरत नाही. झोपेत पडत नाही ते त्यामुळे. मेल्यावरही कित्येकदा पडत नाही ते त्याचमुळे.

पक्ष्याचं तसं नाही. शॉक बसला की तो बहुतेकदा खाली येतो.

मग आमच्या वहीत वाघळंच का दिसतायत? इथे वाघळंच मरतात म्हणून, की वाघळंच लटकून राहतात म्हणून?

काका म्हणाले, "अगं, खाली पडलेलं सकाळपर्यंत राहतंय कशाला? मी नाईट ड्युटीला असताना ट्रिपिंग होऊन लाईन आपोआप बंद पडली की कुत्री आमच्या आधी खांबापाशी पोचायची."

२३ जानेवारी

चाचणी घेतली. या कामात सगळीकडे घेतात, आम्ही उशिरा घेतली. मेलेली कोंबडीची पिल्लं दहा, संध्याकाळी लाईनखाली ठरलेल्या जागी ठेवली. सकाळी सहा गायब. एका ठिकाणी दोन पिसं. तिसऱ्या दिवशी एक उरलं, तेही मुंग्यांनी आतून पोकळ केलेलं.

दुसरी चाचणी आमचीच. काकांनी गवतात पाच ठेवली आणि मला न सांगता फेरी मारायला लावली. मला दोन दिसली. एकावर जवळपास पाय दिला होता. काका हसले नाहीत, हे जास्त लागलं.

तर आठ दिवसांनी फेरी मारणं म्हणजे जमिनीपुरतं बघायचं तर काहीच न बघणं. यापुढे दहा निवडक गाळ्यांत सलग पाच सकाळी फेरी, बाकी ठिकाणी आठवड्याची. सापडलेला आकडा आणि मेलेला आकडा यांच्यामध्ये दोन चाळण्या आहेत: खाणारे आणि आमचे डोळे.

२ फेब्रुवारी

घरीच बसून वाचन.

तारेखालची मोजणी विजेच्याही आधीची निघाली. १८७६ साली एलियट कूझ या पक्षितज्ज्ञाने अमेरिकेत तारायंत्राच्या तारांखाली मरून पडलेल्या चंडोलवर्गीय पक्ष्यांवर लिहिलं. तो घोड्यावरून जाता जाता मोजत होता. तारेत वीज नावापुरतीच. पक्षी मेले ते निव्वळ आपटून.

आता आकडे. अमेरिकेतला २०१४ सालचा अंदाज: विजेच्या तारांमुळे वर्षाला १ कोटी २० लाख ते ६ कोटी ४० लाख पक्षी. खालचा आणि वरचा आकडा यांत पाचपटीहून जास्त फरक. पूर्वी मला हे हास्यास्पद वाटलं असतं. कोंबडीच्या पिल्लांनंतर प्रामाणिक वाटतं. भारतीय वन्यजीव संस्थेचा थारमधला अंदाज सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी. तोही सापडलेल्या मढ्यांची नुसती बेरीज नाही; न सापडलेल्यांचा हिशेब त्यात धरलेला आहे. वर्तमानपत्रात असा आकडा येतो तेव्हा एवढे कुणी मोजले, असं वाचणाऱ्याला वाटतं. एवढे कुणी मोजलेले नसतात.

वाघळांवर मात्र फार कमी लिहिलेलं आहे. श्रीलंकेतल्या फळवाघळांवर २०२० साली एक निबंध आला, त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे: माणसांच्या वस्तीत फळझाडं भरपूर, म्हणून वाघळं तिकडे ओढली जातात, आणि तारांचं जाळं दाट असतं तेही तिथेच. खाणं आणि सापळा एकाच ठिकाणी. आमचा बारावा गाळा उंबराशेजारीच आहे.

११ फेब्रुवारी

आजचा फजितीचा दिवस सविस्तर लिहिते.

किडे खाणाऱ्या लहान वाघळांसाठी उसना बॅट डिटेक्टर मिळाला. माणसाला न ऐकू येणारा त्यांचा आवाज तो ऐकण्याजोगा करून देतो. ४० किलोहर्ट्झवर लावून लाईनखालून चालत होते. एकोणिसाव्या खांबापाशी भरगच्च कडकड सुरू झाली. मी थांबले, वेळ लिहिली, "सतत वावर, बहुधा मोठा थवा" असंही लिहिलं. २५ वर लावलं, तीच कडकड. ६० वर, तीच. वर बघितलं तर एकही वाघूळ नाही.

काकांनी दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाले, "वाघूळ नाही ते. इन्सुलेटर गेलाय."

खरंच. इन्सुलेटर म्हणजे तारेला खांबाच्या लोखंडापासून वेगळं ठेवणारा भाग. तो तडकला किंवा धुळीने माखला की त्यावर बारीक ठिणग्या उडतात, हवेत विद्युत्स्राव होतो, आणि त्यातून श्राव्यातीत आवाज निघतो. वीज कंपन्या सदोष इन्सुलेटर शोधायला हेच तत्त्व वापरतात. वाघळाचा आवाज ठरावीक पट्टीत आणि तुकड्यातुकड्यांनी येतो. ठिणगीचा सगळ्या पट्ट्यांत एकसारखा. आता ओळखता येतो. दोन नोंदी रद्द, एक तक्रार दाखल.

लहान वाघळांचं तारेशी नातं मोठ्यांहून वेगळं. १९४० च्या आसपास डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलम्बोस यांनी खोलीत तारा टांगून त्यांतून वाघळं उडवली. ती अंधारात तार चुकवून जात. कान किंवा तोंड बंद केलं की आपटत. प्रतिध्वनीवर वाट काढण्याला नाव ग्रिफिननेच दिलं, १९४४ मध्ये. अशा प्राण्याला विजेची जाड तार म्हणजे दोरखंडच. आमच्या फळवाघळांकडे ही सोय नाही. ती डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. डोळे चांगले आहेत, पण चांदणं नसेल तर काळ्या आभाळासमोरची काळी तार चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही.

तारांभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र वाघळांना पळवून लावतं का, हा प्रश्न एका ओळखीच्याने विचारला. स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात रडारजवळ वाघळांचा वावर कमी आढळला होता, २००७ मध्ये. पण ते रडार होतं. ५० हर्ट्झच्या तारेला तो निष्कर्ष चिकटवायचा नाही. आमच्याकडे तर एकविसाव्या खांबापुढे, जिथे लाईनसाठी झाडीत पट्टा तोडलाय, लहान वाघळं काठाकाठाने छान किडे टिपत होती. झाडीची कड त्यांना आवडते. तारेमुळे कुणाचं भलंही होतं, तेही लिहायला हवं.

१९ फेब्रुवारी

क्र. १ खाली पडलं असावं. तारेवर नाही, जमिनीवरही नाही.

२६ फेब्रुवारी

काकांच्या डोक्यातली कल्पना: ट्रिपिंगचं रजिस्टर. वाघूळ दोन फेज सांधतं तेव्हा क्षणभर शॉर्ट होतं, उपकेंद्रात फीडर ट्रिप होतो, ऑपरेटर पुन्हा चालू करतो आणि कारणाच्या रकान्यात "क्षणिक दोष" लिहून मोकळा होतो. मढं कुत्र्याने नेलं तरी ती ओळ रजिस्टरमध्ये राहते.

रजिस्टर बघायला मिळायला तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज नव्हता, तिसऱ्यांदा काकांचे जुने सहकारी भेटले.

वारा-पाऊस नसलेल्या रात्रींची ट्रिपिंग वेगळी काढली. बरीचशी दोन वेळांना: दिवेलागणीनंतर तासाभरात आणि पहाटे उजाडायच्या आधी. वाघळं झाडावरून निघतात आणि परततात त्या याच वेळा. यातल्या बहुतेक रात्रींना आमच्या वहीत काहीच नाही. दरेक ओळीला एक वाघूळ असं मी म्हणणार नाही. घुबडं आहेत, फांद्या आहेत, तो एकोणिसाव्या खांबावरचा इन्सुलेटर आहे. पण आमच्या मोजणीला पहिल्यांदाच बाहेरचा साक्षीदार मिळाला.

५ मार्च

मनोऱ्यांकडची फेरी. तळ्याकाठी एक बगळा, मान मोडलेली, भाजल्याची खूण नाही. धडक.

लाईनच्या सगळ्यात वर एक बारीक तार असते, अर्थ वायर, वीज कोसळली तर झेलायला. फेजच्या तारांपेक्षा बारीक, म्हणून कमी दिसते. पक्षी जाड तारा बघून ऐनवेळी वर उठतो आणि नेमका हिच्यावर जातो. ज्या तारेत वीजपुरवठाच नाही ती जास्त मारते.

त्यातही सगळे पक्षी सारखे नाहीत. ससाणा वळतो. जड अंगाचे आणि अंगाच्या मानाने लहान पंखांचे पक्षी वळू शकत नाहीत. माळढोक १५ किलोपर्यंत भरतो. शिवाय २०१० साली माळढोकाच्या आफ्रिकी भाऊबंदांच्या आणि क्रौंचांच्या नजरेचं मोजमाप झालं. खालची जमीन बघायला त्यांनी मान झुकवली की उडण्याची दिशाच नजरेच्या बाहेर जाते. समोर बघून उडायचं असतं हा आपला समज. त्यांना खाद्य आणि सोबती खाली शोधायचे असतात, आणि उत्क्रांतीच्या सगळ्या काळात आभाळात काही आडवं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकासाठी राजस्थान-गुजरातेतल्या ठरावीक भागात तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. एवढ्या उच्च दाबाची तार पुरणं अवघड आणि खर्चिक, हे खरं. पक्षी हाताच्या बोटांवर यायला लागलेत, हेही खरं.

तारेवर चकत्या-फिरक्या लावल्या तर? २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा धडका सरासरी निम्म्याने कमी झाल्याचं दिसलं. क्रौंचांसाठी नेब्रास्कात तारेवर अतिनील दिवे लावून बघितले, तिथे घट ९८ टक्के. मोह होतो. पण रात्री अतिनील दिवा लावला की किडे येणार, किड्यांमागे लहान वाघळं येणार. आमच्या तळ्यावर ते करायच्या आधी डिटेक्टर घेऊन बसावं लागेल.

१४ मार्च

तेहतिसावा गाळा, तळ्याच्या अलीकडे. क्र. ७, मादी. पोटाशी पिल्लू, हलत होतं.

पिल्लू पहिले काही आठवडे आईला चिकटूनच असतं, ती त्याला घेऊन उडते. प्रवाह तिच्या एका पंखातून दुसऱ्यात गेला, पिल्लू त्या वाटेत नव्हतं. ऑस्ट्रेलियात तारेवरच्या मेलेल्या मादीला पिल्लू आहे का हे मुद्दाम बघतात ते यासाठी.

काकांनी फोन केला. परमिट मिळून लाईन बंद व्हायला पाऊण तास. खाली उभं राहून बघण्याशिवाय काम नव्हतं. बांबू लावू म्हणणाऱ्या दोघांना काकांनी अशा भाषेत हाकललं की मी ती लिहीत नाही. वायरमनने अर्थिंग लावलं, मग चढला. पिल्लू जिवंत उतरलं. हातमोजे, कापड, खोका, वन्यजीव उपचाराची माणसं घेऊन गेली.

मादीला वर्षाला एकच पिल्लू. उंदरांसारखी भरपाई होत नाही. तक्त्यात "मृत १" एवढंच बसतं.

२२ मार्च

वीज कंपनीच्या कार्यालयात बैठक. त्यांचा प्रस्ताव आधीच तयार होता: खांबांवर इन्सुलेटेड टोप्या, जम्परला आवरण, खांबाच्या दोन्ही बाजूंना मीटर-मीटर तारेला नळी. शिकारी पक्ष्यांसाठी जगभर हेच करतात आणि बरोबर करतात, कारण घार, गरुड, घुबड टेहळणीला खांबावरच बसतात.

आम्ही अंतराचा रकाना पुढे ठेवला. नऊ वाघळांपैकी आठ खांबापासून दूर, गाळ्याच्या मधल्या भागात. वाघळाला बसायला सपाट जागा नको, लटकायला दोरी हवी, आणि ती चाळीसही गाळ्यांत सलग आहे. खांबांच्या टोप्या एका वाघळाच्या कामी आल्या असत्या.

वाघळांसाठी दोनच गोष्टी: तारा एकमेकींपासून लांब, किंवा तिन्ही फेज आवरण घालून पिळलेली एबी केबल. केबलला वाघूळ रात्रभर लटकलं तरी काही नाही. सगळ्या फीडरला ती नको. रजिस्टर, उंबर, तळ्याची वाट हे एकत्र ठेवलं तर सहा गाळे निघतात. तेवढे करा म्हटलं.

"विचार करू." चहा चांगला होता.

६ एप्रिल

बैठकीत कुणीतरी "वाघळं सोडून बाकी जनावरांचं काय" विचारलं होतं, त्याच्या उत्तरासाठी टिपण. हत्ती: झोळ पडलेल्या तारा, आणि कुंपणात सोडलेली चोरटी वीज. जिराफ: २०२१ मध्ये केनियात कमी उंचीच्या तारांनी तीन मेले. माकडं: झाडी तुटली की तारेलाच फांदी समजतात, दोरीचे पूल उपयोगी पडतात. साप: ग्वाम बेटावर झाडांवरच्या तपकिरी सापांनी वर्षानुवर्षं वीज घालवली. आणि रेनडिअर, जे न मरताच बाधित होतात. त्यांना अतिनील दिसतं. तारेवरचे स्राव त्यांना अंधारात लुकलुकताना दिसत असावेत आणि म्हणून ते लाईनपासून लांब राहतात, असं २०१४ साली मांडलं गेलं. त्यांच्यासाठी मोजणी मढ्यांची नाही, रिकाम्या जागेची करायला लागेल.

२० एप्रिल

उकाडा. संध्याकाळी तळ्यावर बसलो. अंधार पडता पडता वाघळं आली, पाण्यावरून खाली झेपावून छाती भिजवून वर उठतात, मग ओली लव चाटतात. वर उठण्याची रेघ बरोबर तेहतीस-चौतीसच्या तारांना छेदते. तासभर बघितलं. प्रत्येक जण तार बघून वळला. एकालाही काही झालं नाही, आणि तरी आम्ही दोघंही श्वास धरून होतो.

३ मे

सहापैकी दोन गाळे मंजूर, तेहतीस आणि चौतीस. आज केबल ओढली. एकोणिसाव्या खांबाचा इन्सुलेटरही बदलला. डिटेक्टर आता तिथे गप्प. बारावा गाळा "पुढील टप्प्यात".

१२ मे

काल संध्याकाळी वावटळ. फीडर तासभर बंद.

सकाळी सहाला बाराव्या गाळ्यात क्र. ३ तारेवर नव्हतं. उंबराखाली पडलेलं, चामड्यासारखं वाळलेलं, नखं अजून वळलेली. ६ जानेवारीला दिसलं होतं, म्हणजे किमान १२६ दिवस वर. फोटो काढला, अंतर मोजलं: खांबापासून २२ मीटर. पुढची फेरी करून परततानाच उचलू म्हटलं.

साडेआठला परत आलो तेव्हा ते तिथे नव्हतं.